सात नंबरचा लाल दोरा

सोमवार, १६ जून २०२५

धुडकू महाजन गेला त्याला आज आठवडा झाला, आणि तो अमर होणार असल्याचं मला आज सकाळी साडेदहाला कळलं. हिरेनशेठनी केबिनमध्ये बोलावलं, समोर बसायला सांगितलं (सात वर्षांत पहिल्यांदाच) आणि म्हणाले, "विशाखाबेन, आपणे धुडकूभाईने अमर करी देवाना छे."

हेच शेठ गेल्या महिन्यापर्यंत काचेवर टकटक करून "ए धुडक्या" अशी हाक मारायचे. भाई व्हायला मरावं लागतं बहुतेक.

सुरतेजवळ चलथाणच्या बाजूला आमचा कारखाना. पूर्वी साड्या विणायचा. तीन वर्षांपासून काळं कार्बनचं कापड विणतो. ते बंगळुरूला जातं, तिथे त्यात राळ भरून विमानाचे दरवाजे आणि आतले पत्रे बनतात. साडीवरून विमानावर उडी मारल्यापासून शेठचे पाय जमिनीला लागत नाहीत. धुडकू हा आमचा सगळ्यात जुना विणकर. अमळनेरकडचा, छप्पन्न वर्षांचा. ९ तारखेला दुपारी सात नंबरच्या लूमपाशी पडला. शेठच्या ओळखीच्या डॉक्टरनं हार्ट म्हणून लिहून दिलं आणि त्याच संध्याकाळी त्याला जाळलं. आता त्याच्या नावानं कायमचा निधी: 'स्व. धुडकूभाई महाजन स्मृती विमान-उद्योग निधी'. त्यातून मुलांना शिष्यवृत्त्या, कॉलेजात प्रयोगशाळा, दक्षिण गुजरातच्या विमान-उद्योगाचं भविष्य वगैरे. १२ जुलैला उद्घाटन, कारण त्याच दिवशी बंगळुरूचे पाहुणे कारखाना तपासायला येणार आहेत.

माझं काम दोन गोष्टींचं. माहितीपत्रक लिहायचं आणि धुडकूच्या बायकोची संमतीपत्रावर सही आणायची. नाव आणि फोटो वापरायला हरकत नाही, मृत्यू नैसर्गिक होता, आमची काही तक्रार नाही, असा मजकूर आहे. मराठी येणारी ऑफिसात मी एकटी. त्याबद्दल मला 'निधी समन्वयक' असं कार्ड मिळणार आणि जिन्याखालची छोटी केबिन.

मला किळस आली, हे इथे लिहून ठेवते. शेठसमोर मी "हो सर" म्हटलं.

गुरुवार, १९ जून

सात नंबरचा आता 'स्मृती-लूम' होणार. भोवती पितळी कठडा, वर पाटी. सफाईवर लक्ष ठेवायला मला पाठवलं.

त्या शेडमध्ये जायचं म्हणजे शिक्षा आहे. कापड विणताना काळा भुगा उडतो. तो भाकरीवर बसतो, नाकात जातो, आंघोळ केली तरी मानेला खाज राहते. माझा कॉम्प्युटर त्या भुग्यानं दोनदा जळला. दुरुस्तीवाला म्हणाला होता, हा भुगा वीज धरतो, आत शिरला की भडका. तेव्हापासून मी रोज कॉम्प्युटरवर ओढणी टाकून जाते.

लूमशेजारी विजेचा डबा आहे. आतलं सगळं गेल्या आठवड्यात वायरमननं नवं केलं, बाहेरून मात्र जुनाच, आणि त्याच्या मुठीला एक लाल दोरा बांधलेला. या गंड्यादोऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. दसऱ्याला यंत्राला नाडाछडी, म्हणजे पूजेचा दोरा, बांधायची आणि वर्षभर तेल घालायला विसरायचं. हा तर नाडाछडीसारखा लाल-पिवळासुद्धा नव्हता. नुसता लाल, गुळगुळीत, आणि गाठ इतकी बारीक की नखानं सुटेना. लूमचा मास्तर लक्ष्मण शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, राहू द्या ना तो."

मी म्हटलं, "बंगळुरूच्या लोकांना तुमचे गंडेदोरे दाखवायचेत का?"

तो दुसरीकडे बघायला लागला. मी कात्रीनं दोरा कापला. वर शेठना सांगितलं तर ते म्हणाले, नवी नाडाछडी बांधा, ताजी, फोटोत चांगली दिसते. म्हणजे गंडा गेला आणि गंडाच आला. आणली आणि बांधली. मी, भगवंत अहिरेंची मुलगी, जिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोचा हार सोडला तर कशाला सुतळीसुद्धा बांधलेली नाही.

कापलेला दोरा मजबूत होता, गाठीसकट. या वहीत खुणेला घातला. निदान इथे तरी कामाला येईल.

मंगळवार, २४ जून

लिंबायतला जाऊन आले. रिक्षावाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच सोडलं, पुढे गटारीवरच्या फरश्यांवरून चालत. वरच्या मजल्यावर एक खोली. धुडकूची बायको मालतीबाई साड्यांच्या ढिगात बसून मागचे लोंबते धागे कापत होत्या. नवऱ्याला जाऊन पंधरा दिवस झाले आणि बाई कात्री खाली ठेवत नाही. मुलगी हर्षदा बारावीला, कॉमर्सला. आईशी अहिराणीत बोलते, माझ्याशी हिंदीत आणि फोनवर गुजरातीत.

सगळ्या घरभर लाल दोरे. नळाला दोरा, पंख्याच्या बटणाला दोरा, कुकरच्या मुठीला दोरा. देवळाबाहेरचा पिंपळ बरा. एका खुर्चीच्या पायालासुद्धा बांधलेला. मी त्याच खुर्चीवर बसायला गेले तर पाय निखळून मी भिंतीवर आदळले. हर्षदा म्हणाली, "दीदी, उसपे नहीं बैठने का." हे मी बसल्यावर सांगितलं. नळ पूर्ण वेळ बादलीत टपटपत होता आणि पंखा बंद. इतके दोरे बांधून एकही वस्तू धड चालत नाही, पण विश्वास काही ढळत नाही. मी दोऱ्यांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं की माहात्म्य ऐकावं लागतं.

निधीचं सगळं समजावून सांगितलं. पहिली शिष्यवृत्ती हर्षदाला द्यायचं शेठनी कबूल केलंय, हेही सांगितलं. बाई रडली नाही, आभारही मानले नाहीत. दोनच गोष्टी विचारल्या. कारखान्यातल्या कपाटातली त्याची दोऱ्याची रीळ परत मिळेल का, आणि "सात नंबर माले दखाडशात का?"

मी म्हटलं, आधी सही करा, मग उद्घाटनाला बघालच.

"मी दखसू, मंग सही करसू."

गोगलगाय अन् पोटात पाय. सही लांबवली की काही जास्त पदरात पडेल असा हिशेब दिसतो. माणूस गेल्यावर तरी लोक लोभ सोडत नाहीत, याची शिसारी येते.

शुक्रवार, २७ जून

माहितीपत्रकासाठी लक्ष्मण मास्तरला धुडकूबद्दल विचारलं. तो आढेवेढे घेत होता. शेवटी एक कामाची गोष्ट निघाली. कापड विणताना धागा तुटला किंवा वीण चुकली की विणकरानं त्या जागी किनारीला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे तपासणाऱ्याला खोड लगेच सापडते. बाकीचे विणकर चार ठिकाणं लपवतात, कारण दोरे जास्त दिसले की मजुरी कापली जाते. धुडकू एकही लपवायचा नाही. लक्ष्मण म्हणाला, "त्याचं डोकंच तसं होतं, मॅडम. जिथं खोड दिसंल तिथं दोरा. माझ्या मोटरसायकलच्या ब्रेकलाही बांधला होता एकदा."

छान आहे. पत्रकात घातलं: 'स्वतःची चूक स्वतःच दाखवणारा विणकर'. शेठना फार आवडलं. म्हणाले, बंगळुरूवाल्यांना हेच पाहिजे, क्वालिटी.

लक्ष्मणला विचारलं, आजकाल रबरी बूट घालून का फिरतोस? म्हणाला, पावसाळा आहे. शेडमध्ये कुठला पाऊस?

मंगळवार, १ जुलै

निधीच्या समितीची बैठक. शेठ, त्यांचे दोन साडीवाले मित्र, एका इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य आणि टिपणं घ्यायला मी. दोन तास चालली. त्यातला एक तास धुडकूच्या फोटोवर. ओळखपत्रावरचा एकच फोटो आहे, त्यात तो दचकल्यासारखा दिसतो. एक साडीवाला म्हणाला, कॉम्प्युटरवर जरा हसवा ना त्याला. सगळ्यांना पटलं.

मग नियम. शिष्यवृत्ती फक्त इंजिनिअरिंगच्या मुलांना. मी म्हटलं, धुडकूची मुलगी कॉमर्सला आहे. शेठ म्हणाले, "ए तो आपणे पछी जोई लईशुं." पछी म्हणजे नंतर. नंतर कधी, ते मी टिपणात लिहिलं नाही. प्राचार्य ढोकळा खाऊन झाल्यावर नमुन्याच्या कार्बन कापडाला बोटं पुसत होते. आमच्या उद्योगाचं भविष्य.

केबिन मिळाली. थंडगार आहे. दारावर माझं नाव गुजरातीत आणि इंग्रजीत. आतून दार लावून घेतलं आणि उगीचच थोडा वेळ बसून राहिले.

शनिवार, ५ जुलै

नानांशी भांडण. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं मिलमध्ये काढली. आता कोसाडच्या घरात खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचतात आणि माझ्या कारखान्याचा तपास लावतात. आज विचारायला लागले, धुडकू पडला तेव्हा हात कुठे होता त्याचा? पंजा काळा पडला होता का? शवविच्छेदन का नाही केलं?

मी म्हटलं, नाना, हार्ट होतं.

"छप्पन्न वर्षं ज्याला कधी दवाखाना माहीत नाही, त्याला बरं विजेच्या डब्याजवळच हार्ट आलं. तूच सांगितलं होतंस ना, तो काळा भुगा वीज धरतो?"

"ते कॉम्प्युटरचं."

"विशू, वीज कॉम्प्युटर आणि माणूस असं बघत नाही."

मला इतका संताप आला. म्हटलं, तुमचं युनियनचं डोकं अजून तिथेच आहे, मिल बंद पडून वीस वर्षं झाली तरी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्यांनी जेवण अर्धंच केलं. मला स्वतःचा राग आला, पण माफी मागितली नाही. त्यांना काय जातं बोलायला? घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो.

बुधवार, ९ जुलै

पुन्हा लिंबायत. मालतीबाई ऐकत नाहीत. संमतीपत्र दोनदा वाचलं, बोट ठेवून, अक्षर अक्षर. 'मृत्यू नैसर्गिक' इथे बोट बराच वेळ थांबलं. पुन्हा तेच: सात नंबर बघेन, मग सही. हर्षदा मध्येच म्हणाली, "मम्मी, करी टाक ना सही. मन्ही फी कोन भरीन?" त्यावर बाई तिच्यावर ओरडली नाही. नुसती साडी उलटी करून धागे कापायला लागली.

शेठना सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, उत्तम, स्टेजवरच सही घेऊ, फोटो निघेल.

माझ्या मनात आलं, की हे बरं नाही. पण ते बोलायची पाळी माझी नव्हती.

शनिवार, १२ जुलै

घरी येऊन हात तीनदा धुतले. नानांनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? मी म्हटलं, छान.

सगळं क्रमानं लिहिते.

सात नंबर तेवढा ठेवून दोन नंबरची बाकी शेड रिकामी करून लाल गालिचा. थर्माकोलचं विमान, त्याच्या पंखांना झेंडूच्या माळा. हसवलेला धुडकू हारात. दात त्याचे नाहीत, कोणा दुसऱ्याचेच आहेत. लूम आणि डबा धुऊन पुसून चकचकीत, माझी नाडाछडी मुठीला. पाहुणे हातात लोचोच्या ताटल्या घेऊन कठड्याला टेकून खात होते, शेव लूमवर सांडत होती. शेठ बोलले: "धुडकूभाई हमारे परिवार के थे. उनका हृदय इतना बड़ा था कि हृदय ने ही धोखा दे दिया." टाळ्या. बंगळुरूच्या एका साहेबानं डोळे टिपले.

मग मालतीबाईंना दिवा लावायला बोलावलं. फिकट सुती साडी, पायात रबरी चपला, त्या काढायला सांगितल्या तरी काढल्या नाहीत. फोटोकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ डब्यापाशी गेल्या. हाताला पदर गुंडाळला, दोन वेढे, आणि मग मुठीला हात लावला. नाडाछडी फिरवून तिची गाठ शोधली. बोटानं चाचपली.

"हाऊ दोरा कोनी बांधा?"

मी म्हटलं, "मी बांधला, मावशी. नवा आहे, पूजेचा."

"पूजाना नही. पहिला कोठे शे? लाल. त्यासना हातना."

मी उत्तर दिलं नाही. त्यांना वाटलं मला कळलं नाही. म्हणून हळू बोलल्या, मुलाला समजवावं तसं. "शुक्रवारले त्यासनी माले सांगेल व्हतं. सात नंबरना डबा झटका देस, मी दोरा बांधी उनू, मास्तरले बी सांगी उनू. तरी सोमवारले त्यासले तठेच उभं कयं. तो दोरा आठे पाह्यजे. दोरा ऱ्हायना तर सम्दासले दिसीन. नही ऱ्हायना तर मी खोटी."

लक्ष्मण मास्तर मागेच उभा होता. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

शेठनी मला विचारलं, "शुं कहे छे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बंगळुरूचे, प्राचार्य, साडीवाले. अहिराणी कळणारे त्या शेडमध्ये बरेच होते, पण विचारलं मला होतं. माझी पर्स माझ्या खांद्यावर होती. पर्समध्ये ही वही होती. वहीत तो दोरा होता.

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. सगळं एकदम लक्षात आलं. नळ, पंखा, खुर्चीचा पाय, किनारीचे दोरे, सगळं.

मी म्हटलं, "कहे छे के, एमनी बहु याद आवे छे."

शेठनी मान हलवली. साहेबांनी पुन्हा डोळे टिपले.

मालतीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं सुरतेत काढलेल्या बाईला गुजराती कळतं, हे माझ्या ध्यानात यायला तेवढाच वेळ लागला. पदर हातावरून सोडवला, टेबलाशी गेल्या आणि संमतीपत्रावर सही केली. 'मालती धुडकू महाजन'. प्रत्येक अक्षर वेगळं, सुटं. फोटो निघाला. त्यात मी त्यांच्या शेजारी आहे, हसते आहे.

शेठनी जाताना मला घारीचा, सुरती मिठाईचा, डबा दिला. तो अजून टेबलावर आहे, कोणी उघडला नाही.

रविवार, १३ जुलै

सकाळपासून ही वही पहिल्या पानापासून वाचली. इतरांची किळस येते म्हणून किती ऐटीत लिहिलंय मी. शेठ ढोंगी, साडीवाले मूर्ख, प्राचार्य हावरट, मालतीबाई लोभी, लक्ष्मण घाबरट. सगळ्यांना पानोपान नावं ठेवली आणि १९ तारखेला शांतपणे लिहिलं, 'मी कात्रीनं दोरा कापला.' मला लोकांच्या अंधश्रद्धेचा राग होता ना. धुडकूनं एक साधी सूचना लिहून ठेवली होती, त्याला येत होती त्या लिपीत. ती मी गंडा म्हणून काढून टाकली, आणि तिच्या जागी खरा गंडा मीच बांधला.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. काल जे केलं ती चूक नव्हती. केबिन गेली असती, कार्ड गेलं असतं, हप्ता थकला असता. हे सगळं मी 'याद आवे छे' म्हणायच्या आत मोजलं होतं. इतकी भरभर मी कधी कशाचा विचार केला नव्हता.

दुपारी लक्ष्मणला फोन केला. त्यानं शुक्रवारी शेठना सांगितलं होतं का? तो म्हणाला, "सांगितलं होतं, मॅडम. शेठ म्हणाले, बंगळुरूचा नमुना जाऊ दे, मग बंद करू." मग म्हणाला, "मी हे कुठे बोलणार नाही. मला दोन पोरी आहेत. तुम्हाला तेव्हा म्हटलं ना मी, राहू द्या तो दोरा. त्याहून जास्त मी काय बोलणार होतो?" आणि फोन ठेवला. त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मग नानांना सगळं सांगितलं. कालचंही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता ऐकवतील. ते म्हणाले, "सही घेतली म्हणून खरं खोटं होत नाही. अर्ज देता येतो. कारखाने-तपासणीच्या ऑफिसात आधी जायचं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण दोरा तर कापलेला आहे. तो कुठे होता, कधी होता, कशावरून?"

"वहीत लिहिलंय. त्याच दिवशी. गाठीचंही."

"मग वही द्यावी लागेल."

ही वही. 'गोगलगाय' असलेली, 'सुंभ जळाला' असलेली. नाना ती वाचतील. शेठचा वकील वाचेल. मालतीबाई वाचतील.

नाना म्हणाले, "आधी तिला विचार. नवरा तिचा होता." आणि घारीचा डबा उचलून कचऱ्यात टाकला. तुपाचा डाग टेबलावर राहिला, तो मी घासून काढला.

सोमवार, १४ जुलै

कामावर गेले नाही. सकाळी लिंबायत.

मालतीबाईंनी दार उघडलं. मी आत आले. मग म्हणाल्या, "बस. त्या खुर्चीवर नको."

खाली बसले. वही उघडली, दोरा काढून त्यांच्यासमोर फरशीवर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. आधी वाकून पाहिलं, मग एका बोटानं गाठ उलटी केली. मग मुठीत धरला आणि मूठ पदराखाली नेली. हर्षदा नळापाशी उभी होती, तिनं तोंड फिरवलं. मालतीबाईंना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज अजिबात नव्हता.

मी सगळं सांगितलं. वहीचंही. म्हटलं, यात तुमच्याबद्दल वाईट लिहिलंय, ते तुम्ही आधी ऐका आणि मग ठरवा.

"वाच."

वाचलं. पहिल्या पानापासून. 'बाई कात्री खाली ठेवत नाही' वाचताना माझी जीभ अडखळली. त्या म्हणाल्या, "पुढे वाच." लोभाच्या ओळीपाशी मी थांबले तर म्हणाल्या, "लोभी ते शेच मी. पोरनं शिक्षण माले पाह्यजे ना? दोरा दिसता तर सही नही करती. दोरा नव्हता, मंग म्हनं पोर तरी शिकीन." खुर्चीच्या प्रसंगाला हर्षदाला हसू आलं, तिनं ओढणीनं तोंड दाबलं.

१२ तारखेचं वाचून झालं. नळ टपकत होता.

मग त्यांनी विचारलं, "तुन्ही नोकरी जाईन ना?"

"जाईल."

"मंग धागा कापाले ये आठे. शिकाडसू." हे त्यांनी चेष्टेत म्हटलं की खरंच, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

हर्षदानं विचारलं, मला ती शिष्यवृत्ती मिळणारच नव्हती का? मी १ जुलैचं पान तिच्याकडे सरकवलं. तिनं वाचलं आणि आईला म्हणाली, "चाल, कवय जावानं?"

उद्या अकरा वाजता जायचं ठरलं. मी, मालतीबाई आणि नाना. अर्ज नाना लिहीत आहेत, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात. धुडकूचा दोरा पाकिटात घातला. वही उद्या द्यायची, म्हणून हे शेवटचं घरी येऊन लिहितेय.

निघताना मालतीबाईंनी वही मागितली. म्हणाल्या, "दोरा कापेल तं पान कोनतं?" मी १९ जूनचं पान काढून दिलं. त्यांनी साड्यांच्या ढिगाखालून एक लाल रीळ काढली. सुईनं पानाच्या कडेला भोक पाडलं, दोरा ओवला, आणि बघता बघता बारीक गाठ मारली. नखानं सुटणार नाही अशी.

"साहेबले शोधाले तरास नको," त्या म्हणाल्या.

मग जरा थांबून त्यांनी पुढची पानं उलटली आणि १२ तारखेच्या पानालाही एक बांधला. तेव्हापासून वही नीट मिटत नाही.